विळीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?

वर्गात पिशवी घेऊन जायची माझी सवय जुनी आहे. पिशवीत घरातल्याच चार-सहा वस्तू असतात: कुलूप, कंगवा, गाळणं, एखादी वहाण, नारळाची करवंटी. एकेक वस्तू बाहेर काढायची, टेबलावर ठेवायची आणि विचारायचं, 'केस्क से?' हे काय आहे? एका जून महिन्यात निघायच्या घाईत हाताशी होती ती विळी उचलली, पात्याला फडकं गुंडाळलं आणि तीच घेऊन गेले. बॅच नवी होती, जेमतेम चौथा तास. विळी टेबलावर ठेवली तशी मुलं एका सुरात म्हणाली, 'मॅडम, विळीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?'

फ्रेंचमध्ये विळीला काहीच म्हणत नाहीत. तिकडच्या स्वयंपाकघरात भाजी फळीवर स्थिर असते आणि सुरी फिरते. आपल्याकडे पातं स्थिर आणि भाजी फिरते. वस्तूच नाही, तर नाव कुठलं असणार? मी तसं सांगितलं. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी तोवर हजेरीपलीकडे एक शब्द बोलली नव्हती, हळूच म्हणाली, 'से आँ ब्वा.' लाकडाचं आहे. दुसऱ्याने जोडलं, 'ए आँ मेताल.' आणि धातूचं. पात्याला काय म्हणतात ते त्यांनी विचारलं, मी 'लाम' एवढा एक शब्द दिला. लगेच वाक्य आलं, 'इलिया यून लाम.' ते पातं सरळ नाही हे सांगायला एकीने हवेत बोटाने कमान काढली, तिला 'कूर्ब' हवा होता. कुणी खाली बसून दाखवलं, त्याला 'पार तेर' दिलं. तास संपला तेव्हा फळ्यावर सात वाक्यं होती. ज्यांना अजून स्वतःचं नाव सांगताना घाम फुटत होता, त्यांची ती सात वाक्यं.

हे पुस्तक त्या तासातून निघालं आहे. कंगवा दाखवला आणि 'पेन्य' हा शब्द येत असला की मुलं तो उच्चारून मोकळी होतात. नाव घेतलं की काम झालं. नाव नसलं तर मात्र वस्तूकडे पाहावं लागतं. ती कशाची आहे, केवढी आहे, कोणत्या आकाराची, कशाला लागते, कुठे धरायची, हे सगळं शोधावं लागतं आणि हातात असलेल्या तुटपुंज्या शब्दांतच सांगावं लागतं. नवशिक्याला भाषा लागते ती नेमकी इथे. म्हणून या पुस्तकातल्या पहिल्या 18 धड्यांतल्या निम्म्याहून जास्त वस्तू मी मुद्दाम अशा घेतल्या आहेत ज्यांना फ्रेंच नाव नाही: विळी, पाट, पोळपाट, तांब्या, रोळी, मोदकपात्र.

हे माझं एकटीचं वेड नाही. 1951 साली फ्रान्समध्ये जॉर्ज गुगेनहाइम यांच्या नेतृत्वाखाली एक पाहणी सुरू झाली. परक्या लोकांना फ्रेंच शिकवायचं तर आधी कोणते शब्द शिकवावेत, हा प्रश्न होता. तोवर अशा याद्या छापील पुस्तकांवरून करत. या मंडळींनी तेव्हा नवीन असलेलं टेपरेकॉर्डर यंत्र घेतलं, साध्या माणसांची साधी बोलणी टिपली आणि तीन लाखांवर शब्द मोजले. निकाल त्यांनाच चक्रावून टाकणारा होता. 'असणं', 'जाणं', 'करणं', 'मोठा', 'छोटा', 'चांगला' असे शब्द सतत येत होते, कुणीही बोलो आणि कशावरही बोलो. पण रोज हाताळायच्या वस्तूंची नावं यादीत अगदी खाली, नाहीतर गायबच. माणूस दिवसातून तीनदा काटाचमचा वापरतो, पण काटाचमच्याबद्दल बोलतो कधी? तो हरवला तरच. मग त्यांनी दुसरी युक्ती केली. शाळकरी मुलांना 16 विषय दिले, त्यांत अंगावरचे कपडे होते, घरातलं सामान होतं, प्राणी होते. प्रत्येक विषयावर पहिले सुचतील ते 20 शब्द लिहायला सांगितले. जे शब्द बोलण्यात क्वचित येतात, पण गरज पडताच मनात हजर असतात, ते असे सापडले. दोन्ही याद्या जुळवून 1954 साली प्राथमिक फ्रेंचची शब्दसंपदा प्रसिद्ध झाली आणि पुढे 'फ्राँसे फोंदामाँताल' या नावाने ती ओळखली गेली. पहिल्या पायरीवर सुमारे 1,475 शब्द.

मी या कामाकडे पुन्हा पुन्हा वळते, कारण त्यातून शिक्षकाला एक फार उपयोगी गोष्ट कळते. ज्यांचं वर्णन करायचं त्यांची नावं हजारो आहेत आणि एकेक नाव क्वचित लागतं. ज्या शब्दांनी वर्णन करायचं ते थोडे आहेत आणि सतत लागतात. आपल्याकडची पाठ्यपुस्तकं नेमकी उलटी चालतात. वर्गातल्या 30 वस्तूंची चित्रं, खाली 30 नावं, पाठ करा. पुढच्या पानावर 20 प्राणी. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात, दिवाळीच्या सुट्टीत विसरतात. त्या तीस नावांऐवजी 'कशाचं', 'केवढं', 'कसं दिसतं', 'कशाला लागतं' या चार प्रश्नांची उत्तरं द्यायला शिकवलं असतं, तर ती मुलं तीनशे वस्तूंबद्दल बोलू शकली असती.

पुस्तक मराठीतून का, हा प्रश्न मला हस्तलिखित वाचणाऱ्या प्रत्येकाने विचारला. महाराष्ट्रात फ्रेंच शिकणारी बहुतेक मुलं आठवीत किंवा अकरावीत ती घेतात, बऱ्याचदा गुण चांगले मिळतात म्हणून, आणि शिकतात ती इंग्रजीच्या आधाराने. फ्रेंच वाक्य, शेजारी इंग्रजी वाक्य. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला हा वळसा कशासाठी? वस्तूला लिंग असतं ही गोष्ट इंग्रजीला ठाऊकच नाही. त्यामुळे इंग्रजीतून लिहिलेलं पुस्तक 'टेबल स्त्रीलिंगी आहे' हे मोठ्या आश्चर्याच्या सुरात सांगतं आणि आपली मुलंही ते आश्चर्य उसनं घेतात. माझ्याच वर्गात एका मुलाने विचारलं होतं, 'मॅडम, खुर्ची बाई कशी असेल?' मी त्याला म्हटलं, 'तू आत्ता खुर्ची मोडली म्हणालास की मोडला?' तो थबकला आणि मग त्याचा चेहरा उजळला.

बस आली, ट्रक आला, टेबल आलं. फाइल हरवली, मोबाइल हरवला. हे आपल्याला कुणी शिकवलं? परक्या भाषेतून शब्द येतो आणि आठवडाभरात मराठी माणूस त्याला एका लिंगात बसवून टाकतो. फ्रेंच माणूसही तेच करतो आणि तिथेही वाद होतात. 2020 च्या मे महिन्यात फ्रेंच अकादमीने सांगितलं की कोविड हा शब्द स्त्रीलिंगी मानावा. लोक तोवर तो पुल्लिंगी बोलत होते आणि बहुतेक जण पुढेही तसंच बोलत राहिले. हे ऐकून माझ्या वर्गातल्या मुलांना फ्रेंच एकदम शेजारची वाटायला लागते.

अडचण येते ती नपुंसकलिंगाची. खुर्ची आणि 'शेझ', खिडकी आणि 'फनेत्र', दोन्हीकडे स्त्रीलिंगी, इथवर सुरळीत. पण पुस्तक, घर, झाड, फूल, दार यांचं काय? फ्रेंचमध्ये तिसरी खोलीच नाही. 'लीव्र' म्हणजे पुस्तक पुल्लिंगी, 'मेझों' म्हणजे घर स्त्रीलिंगी, 'आर्ब्र' म्हणजे झाड पुल्लिंगी, 'फ्लर' म्हणजे फूल स्त्रीलिंगी. मुलं वैतागतात. तेव्हा मी त्यांना हिंदी बोलायला लावते. 'घर मोठं आहे' हिंदीत सांगा. 'घर बड़ा है.' 'पुस्तक जाडं आहे'? 'पुस्तक मोटी है.' म्हणजे मराठीतलं नपुंसक उचलून दोन खोल्यांत वाटायचं काम ही मुलं रस्त्यावर, टीव्हीसमोर, मित्रांत लहानपणापासून करत आलेली आहेत. लॅटिनमध्ये तीन लिंगं होती, फ्रेंचपर्यंत येता येता दोन उरली. संस्कृतातली तीन मराठीने जपली, हिंदीने दोन ठेवली. हिंदीची सवय असलेलं मराठी मूल फ्रेंचच्या दारात उभं राहतं तेव्हा ते या बाबतीत फार तयारीचं असतं. फक्त ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि नपुंसकलिंग फ्रेंचमधून अगदी पुसलं गेलेलं नाही. आपण अनोळखी वस्तूकडे बोट दाखवून 'हे काय आहे?' असंच विचारतो, 'हा काय' किंवा 'ही काय' असं नाही, कारण ती कोणत्या लिंगाची ते अजून ठरायचं असतं. ओळख पटली की 'ही विळी', 'हा पाट'. फ्रेंचमधलं 'से' हे तंतोतंत आपलं 'हे' आहे. 'सेतँ शा', हे मांजर आहे. एकदा मांजर ठरलं की पुढे 'इल ए न्वार', ते काळं आहे. पहिल्या वाक्यात नाम, म्हणून 'से'. दुसऱ्यात नुसतं विशेषण, म्हणून 'इल' किंवा 'एल'. नवशिके 'इलेतँ शा' म्हणतात ही फ्रेंच शिक्षकांची जुनी डोकेदुखी आहे, आणि माझ्या अनुभवात ती इंग्रजीच्या आधाराने शिकणाऱ्यांत जास्त दिसते. 'हे'चा हा धागा दाखवल्यावर माझ्या वर्गात ती चूक निम्म्यावर आली.

मराठीकडे आणखी एक ठेवा आहे आणि तो मला फार उशिरा दिसला. आपण 'वाघ पट्टेदार असतो' म्हणतो आणि 'हा वाघ म्हातारा आहे' म्हणतो. सगळ्या वाघांबद्दल 'असतो', समोरच्या एकाबद्दल 'आहे'. फ्रेंचमध्ये क्रियापद दोन्हीकडे एकच, 'ए'. फरक पडतो तो नामाच्या आधीच्या शब्दाने: सगळ्या वाघांसाठी 'ल तीग्र', समोरच्या वाघासाठी 'स तीग्र'. कुठे 'ल' आणि कुठे 'अँ' याचे नियम व्याकरणाच्या पुस्तकांत दोन-दोन पानं असतात. माझ्या मुलांना मी एकच विचारते, तुझ्या मनातल्या मराठी वाक्यात 'असतो' आहे का? असेल तर बहुतेक वेळा 'ल' किंवा 'ला' लाव. उलट 'मांजराला शेपूट आहे', 'माझ्याकडे मांजर आहे', 'मला एक बहीण आहे' ही आपली वेगवेगळी वळणं फ्रेंचमध्ये 'आव्ह्वार' या एकाच क्रियापदात सामावतात. तिथे मराठी पसरट आणि फ्रेंच आटोपशीर. दोन्ही बाजू दाखवाव्या लागतात.

उच्चाराबद्दल थोडं. या पुस्तकात फ्रेंच शब्द देवनागरीत दिले आहेत आणि देवनागरी इथे बरीच साथ देते, पुरती नाही. 'यून' हा शब्द लिहिला तसा वाचला तर चुकेल. जीभ 'ई' म्हणायच्या जागी ठेवायची, ओठ 'उ' म्हणायचे करायचे आणि मग आवाज काढायचा. आरसा समोर धरून पाच मिनिटांत जमतं. विशेषणांची रूपं मात्र मी डोळ्यांनी शिकवत नाही, कानांनी शिकवते, आणि स्त्रीलिंग आधी शिकवते. 'पतीत', 'ग्राँद', 'व्हेर्त', 'ग्रीझ', 'ब्लाँश'. शेवटचं व्यंजन खणखणीत ऐकू येतं. ते गाळलं की पुल्लिंग हाती येतं: 'पती', 'ग्राँ', 'व्हेर', 'ग्री', 'ब्लाँ'. पुल्लिंगापासून सुरुवात केली तर प्रत्येक शब्दाला वेगळं शेपूट पाठ करावं लागतं. स्त्रीलिंगापासून निघालं की फक्त एक घास कमी करायचा. 'न्वार', 'रूज' अशी काही विशेषणं कानाला दोन्हीकडे सारखीच लागतात. तेही आपल्याला नवं नाही. काळा-काळी-काळं बदलतं, पण लाल, गोल, सुंदर कुठे बदलतात?

रंगांच्या धड्यात मी जरा रेंगाळले आहे आणि वाचकांनीही रेंगाळावं. मराठीने रंगांची नावं वस्तूंवरून घेतली: जांभळा, डाळिंबी, आमसुली, अबोली, पोपटी, मोरपंखी, शेवाळी, राखाडी. फ्रेंचनेही तेच केलं: 'ग्री सूरी' म्हणजे उंदराचा करडा, 'व्हेर बूतेय' म्हणजे बाटलीचा हिरवा, 'जोन सित्रों' लिंबाचा पिवळा, 'ब्ल सिएल' आकाशी. असा जोडरंग आला की विशेषण ताठ राहतं, लिंगवचनाप्रमाणे वाकत नाही. 'मारों' आणि 'ओराँज' ही मुळात फळांची नावं, म्हणून तीही वाकत नाहीत. मुलांना आईच्या साडीचा रंग सांगायला लावला की हा नियम पाठ करावा लागत नाही. मोरपंखी साडी कशी सांगायची यावर एकदा माझ्या वर्गात पाऊण तास गेला. निळा, हिरवा, 'मोराच्या पिसासारखा', 'चमकतो' असं करत करत ती मुलं जिथे पोचली, तिथे कोणत्याही तयार शब्दाने त्यांना नेलं नसतं.

विशेषणाची जागा हा खरा नवा भाग. मराठीत विशेषण नामाच्या आधी येतं, फ्रेंचमध्ये बहुतेक वेळा नंतर: 'अँ शा न्वार', मांजर काळं. पण लहान-मोठं, जुनं-नवं, सुंदर, चांगलं-वाईट अशी रोजच्या वापरातली थोडी विशेषणं आधी येतात: 'अँ पती शा न्वार'. काहींचा तर जागेप्रमाणे अर्थ बदलतो. 'अँनोम ग्राँ' म्हणजे उंच माणूस आणि 'अँ ग्राँतोम' म्हणजे आपण ज्याला मोठा माणूस म्हणतो तो. हा एक मुद्दा आहे जिथे मराठी मदत करत नाही. इथे घोकंपट्टी लागते, आणि मी ती घालून दिली आहे.

प्राण्यांचे 12 धडे लिहायला मला वस्तूंच्या धड्यांपेक्षा दुप्पट वेळ लागला. आपला जीव प्राण्यांत जास्त गुंततो आणि भाषेचाही तिथे जास्त गुंततो. पाय हा शब्द घ्या. माणसाला पाय, गाईला पाय, टेबलालाही पाय. फ्रेंचमध्ये माणसाची 'जाँब', गाईची किंवा मांजराची 'पात' आणि टेबलाचा 'प्ये'. घोड्याला मात्र घोडेस्वार 'पात' म्हणू देत नाहीत, त्याची माणसासारखी 'जाँब'च. केसांचंही तसंच. डोक्यावरचे केस 'शव्ह', अंगावरचे आणि प्राण्यांचे 'प्वाल'. माझा कुत्रा पांढऱ्या केसांचा आहे हे सांगताना पहिल्या वर्षाची मुलं 'शव्ह' वापरतात आणि फ्रेंच माणसाच्या डोळ्यांपुढे नीट भांग पाडलेला कुत्रा उभा राहतो. तोंडासाठी पक्ष्याचं 'बेक', डुकराचं 'ग्र्वॅं', कुत्र्याचं किंवा वाघाचं 'गल'. हा शेवटचा शब्द माणसाला लावला तर शिवी होते, हे त्या धड्यात ठळक अक्षरात दिलं आहे.

आपल्याकडे पिल्लांना नपुंसकलिंग मिळतं: वासरू, कोकरू, करडू, शिंगरू. फ्रेंचमध्ये ही चारही पुल्लिंगी: 'व्हो', 'आन्यो', 'शव्ह्रो', 'पूलॅं'. मुंगी आणि 'फूर्मी' दोन्हीकडे स्त्रीलिंगी, डास आणि 'मूस्तीक' दोन्हीकडे पुल्लिंगी, माशी आणि 'मूश' पुन्हा स्त्रीलिंगी. पण खार आपली स्त्रीलिंगी आणि 'एक्यूरय' पुल्लिंगी. उंदीर आपला पुल्लिंगी, 'सूरी' स्त्रीलिंगी. नर उंदीर सांगायचा तर 'यून सूरी माल'. वटवाघळाला 'शोव्ह-सूरी' म्हणतात, शब्दशः टकली उंदरीण. खंड्याला 'मार्तॅं-पेशर', म्हणजे मार्टिन मासेमार. आणि घुबडाला फ्रेंचमध्ये एक नाव पुरत नाही. डोक्यावर कानांसारखे पिसांचे तुरे असतील तर 'इबू', नसतील तर 'श्वेत'. हा फरक मुलांना पाठ करून घ्यायला सांगितला तेव्हा कुणाच्या लक्षात राहिला नाही. मग एकाने सांगितलं की त्यांच्या वाड्यातल्या पिंपळावर पिंगळा बसतो. पिंगळ्याला तुरे असतात का? कुणालाच माहीत नव्हतं. तो मुलगा दोन संध्याकाळ पिंपळाखाली उभा राहिला आणि तिसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाला, 'सेत्यून श्वेत.' डोकं गोल आहे, तुरे नाहीत. त्याला तो शब्द आता जन्मात विसरता येणार नाही.

इथे मला आपल्या शाळेतल्या गाईच्या निबंधाबद्दल तळमळून काही सांगायचं आहे. गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय, दोन डोळे, दोन शिंगं व एक शेपूट असतं. पिढ्यानपिढ्या आपण हे लिहिलं आणि हाच साचा घेऊन आपण फ्रेंचच्या वर्गात शिरतो. 'ला व्हाश आ कात्र पात.' वाक्य बिनचूक आहे, त्याला गुण मिळतात, मीही कित्येक वर्षं दिले. पण गाईला चार पाय असतात हे कुणी कुणाला कधी सांगतं? या वाक्यात गाय पाहिलेलीच नाही. मी आता मुलांना 'एक' गाय पाहून यायला सांगते: दूधवाल्याची, देवळापुढची, रस्त्याच्या दुभाजकावर बसलेली. एक शिंग आत वळलंय, डाव्या कानाला भोक आहे, गळ्यात निळी दोरी आहे, ती डोळे मिटून रवंथ करते. व्याकरणाच्या चुका होतात. होऊ देत. त्या चुका दुरुस्त करता येतात. न पाहिलेली गाय दुरुस्त करता येत नाही.

फ्रेंच साहित्यात या पाहण्याची मोठी परंपरा आहे आणि नवशिक्यालाही तिची वार्ता असावी. बुफाँने 1749 पासून आपला 'निसर्गेतिहास' खंडाखंडाने काढला, त्यातली प्राण्यांची वर्णनं पुढे शाळाशाळांतून वाचली गेली. ज्यूल रनार हा खेड्यात वाढलेला लेखक. त्याच्या 1896 च्या 'इस्त्वार नात्युरेल'मध्ये कोंबडी, बदक, सरडा, गाढव यांची इतकी आखूड शब्दचित्रं आहेत की काही जेमतेम एका ओळीची आहेत. तूलूझ-लोत्रेकने त्यांना चित्रं काढली, राव्हेलने 1906 साली त्यांतल्या पाचांना संगीत दिलं. त्यांत मोर आहे, रातकिडा आहे आणि आपला खंड्याही आहे. वस्तूंच्या बाबतीत फ्राँसिस पोंज. 1942 साली, जर्मन ताब्यातल्या फ्रान्समध्ये, त्याचं छोटं पुस्तक आलं: फळांचं खोकं, पाव, मेणबत्ती, कालव. इतकंच. वर्षभर शिकलेला विद्यार्थी रनारची लहान शब्दचित्रं कोशाच्या मदतीने वाचू शकतो. पोंज कठीण आहे, घाई करू नये.

वर्णन येणं ही चैन नाही, हे मला एका माजी विद्यार्थिनीच्या फोनने शिकवलं. ती शिकायला फ्रान्सला गेली होती आणि पहिल्याच महिन्यात एका मोठ्या स्थानकावर तिची पिशवी गाडीत राहिली. पॅरिसमध्ये 1805 पासून पोलिसांचं हरवलेल्या वस्तूंचं कार्यालय आहे आणि मोठ्या स्थानकांवरही अशा खिडक्या असतात. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कशी आहे? ती म्हणाली, 'अँ साक न्वार.' काळी पिशवी. मागच्या फळ्यांवर काळ्या पिशव्यांची रांग होती. केवढी? कशाची? आत काय? तिला काही सुचेना. माझ्याकडे तिने दोन वर्षं शिकून उत्तम गुण मिळवले होते, पिशवीला काय म्हणतात हे तिला पक्कं माहीत होतं. शेवटी तिने कागद मागितला आणि पिशवीच्या खिशावर आजीने घातलेला टाक्यांचा हत्ती काढून दाखवला. पिशवी मिळाली. तिने मला फोनवर सांगितलं ते असं: 'मॅडम, हत्तीला एलेफाँ म्हणतात ते आठवलं, पण तो लाल दोऱ्याचा आहे हे सांगता आलं नाही.' तिच्या पहिल्या वर्षी पिशवी नेत असे मी, पण आतल्या वस्तूंची फक्त नावं विचारत असे. तो दोष माझा होता. या पुस्तकातला 'कशाचं आहे?' हा धडा तिच्यासाठी लिहिला आहे: 'आँ ब्वा', 'आँ क्विर', 'आँ कोतों', लाकडाचं, चामड्याचं, सुताचं.

शिक्षकांना दोन-तीन सूचना. धड्याच्या आधी शब्द देऊ नका. मुलाला शब्दाची भूक लागू द्या, त्याने हवेत कमान काढू द्या, मग 'कूर्ब' द्या. एका तासाला एकच वस्तू पुरे. ती हातात फिरली पाहिजे, चित्र चालणार नाही; प्राण्याच्या बाबतीत चित्र चालेल, पण पाहिलेल्या प्राण्याचंच. लहान मुलांच्या वर्गात कोड्यांचा खेळ ठेवा, कारण नाव न घेता वस्तू सांगायची ही रीत आपल्या घरांत आजी-आजोबांपासून आहे, फक्त भाषा बदलायची. आणि चावी, पाव, अननस या तीन वस्तू पहिल्या आठवड्यात जरूर घ्या. हे शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आले आणि फ्रेंचमधले 'क्ले', 'पॅं', 'आनाना' हे त्यांचेच नातलग. चावी दोन्हीकडे स्त्रीलिंगी, पाव आणि अननस दोन्हीकडे पुल्लिंगी. पहिल्या आठवड्यात मुलाला एवढा आपलेपणा मिळाला तर पुढचे कठीण धडे ते सहज झेलतं.

घरी एकट्याने शिकणाऱ्यांनी पहिलं पान उघडण्याआधी स्वयंपाकघरात जावं आणि समोर दिसेल ती एक वस्तू टेबलावर आणून ठेवावी. शक्यतो जिचं फ्रेंच नाव कोशात मिळणार नाही अशी. पहिला धडा तिच्यापासूनच सुरू होतो.